सुख निवडता येते काय? : कविवर पंडित बनारसीदास यांचे जीवन

मनुष्याला सुखी होण्याची इच्छा असते, हे सांगण्यासाठी कोणत्याही शास्त्राची गरज नाही. मुंगीपासून चक्रवर्तीपर्यंत प्रत्येक जीव सुखासाठीच धडपडत असतो. प्रश्न निराळाच आहे. सुख ही मनुष्याच्या हातातील गोष्ट आहे काय? मी आजपासून सुखी राहणार, असा निश्चय केल्याने कोणी सुखी होतो काय? की पूर्वकर्माच्या उदयाने जे पुढे येईल ते मुकाट्याने भोगणे एवढेच त्याच्या हाती असते? प्रवचनातून याची उत्तरे आपण अनेकदा ऐकतो, परंतु घरात एखादी दुःखद घटना घडली की ऐकलेले सारे क्षणात विसरून जातो. म्हणूनच ज्याने हा प्रश्न ग्रंथात वाचला आणि आपल्या संसारातही भोगला, अशा एका गृहस्थ श्रावकाचे चरित्र येथे सांगण्याचे योजिले आहे. ते श्रावक म्हणजे ‘समयसार नाटक’ या ग्रंथाचे कर्ते कविवर पंडित बनारसीदास होत.

बनारसीदास मुनी नव्हते, भट्टारक नव्हते. ते व्यापारी होते आणि व्यापारातही फारसे यशस्वी नव्हते. तीन विवाह, नऊ अपत्ये, कर्ज, आजार, प्रवास हे सारे त्यांच्या वाट्याला आले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, विक्रम संवत १६९८ मध्ये (इ.स. १६४१) त्यांनी आग्रा येथे आपले जीवन ६७५ छंदांत लिहून ठेवले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून त्यातील अर्धे संपले, या हिशेबाने त्यांनी त्या ग्रंथाला ‘अर्धकथानक’ असे नाव दिले. हिंदीतील पहिले आत्मचरित्र म्हणून आज तो ओळखला जातो. मुंबईच्या हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयाचे पंडित नाथूराम प्रेमी यांनी इ.स. १९४३ मध्ये तो संपादून प्रकाशित केला, ही आपल्या महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट आहे. पुढील हकिकत मुख्यतः त्याच आत्मकथेच्या आधारे दिली आहे.

जन्म आणि बालपण

बनारसीदासांचा जन्म संवत १६४३ मध्ये (इ.स. १५८६-८७) गोमती नदीच्या काठी वसलेल्या जौनपूर शहरी श्रीमाल कुळात झाला. वडील खरगसेन जवाहिराचा व्यापार करीत. मुलाचे पहिले नाव विक्रमाजीत असे ठेवले होते. पुढे काही महिन्यांच्या बाळाला घेऊन आईवडील भगवान पार्श्वनाथांच्या जन्मभूमीस, म्हणजे बनारसला, यात्रेला गेले. तेथील पुजाऱ्याने आपल्याला यक्षाचा आदेश झाल्याचे सांगून या नगरीचेच नाव मुलाला ठेवावे असे सुचविले. मूल दीर्घायुषी व्हावे या आशेने श्रद्धाळू पित्याने ते मान्य केले. तेव्हापासून विक्रमाजीत बनारसीदास झाला.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह खैराबाद येथील कन्येशी झाला. त्या प्रसंगी घडलेली एक घटना त्यांनी पंचावन्नाव्या वर्षीही विसरली नव्हती. नववधूने घरात पाऊल ठेवले त्याच दिवशी आईला मुलगी झाली आणि त्याच दिवशी घरातील एका वृद्धेचे निधन झाले. जन्म, विवाह आणि मृत्यू हे तिन्ही एकाच छपराखाली एकाच दिवशी आले. त्या दिवशी कोणी सुखी व्हायचे ठरविले असते तर ते साधले असते काय? आणि दुःखच करायचे ठरविले असते तर तेही पूर्ण साधले नसते. संसाराचे स्वरूप अशा रीतीने त्यांना फार लवकर पाहावयास मिळाले. त्याचा अर्थ उमगण्यास मात्र पुष्कळ वर्षे लागली.

पुढच्याच वर्षी जौनपूरचा सुभेदार किलीच खान याने शहरातील जवाहिऱ्यांना पकडून फटके मारले. त्यांच्याकडून त्याला हवी ती वस्तू मिळत नव्हती, एवढाच त्यांचा अपराध. भयाने सारे जवाहिरे गाव सोडून पळाले. खरगसेनही कुटुंबासह बाहेर पडले. त्या परागंदा दिवसांत लहानग्या बनारसीने कवड्यांची खरेदी-विक्री करून पहिला नफा मिळविला आणि आजीच्या हाती दिला. आजीने नातवाच्या पहिल्या कमाईची मिठाई वाटली. घरदार सुटलेले, उद्याची खात्री नाही, तरीही त्या घरात त्या दिवशी आनंद झाला.

सुखाचा शोध : भोग आणि मंत्र

जौनपूरला परतल्यावर बनारसीदासांचे शिक्षण झाले. पंडित देवदत्त यांच्याकडे कोश, ज्योतिष, अलंकार यांचा अभ्यास झाला. खरतरगच्छाच्या साधूंकडे धर्मग्रंथांचे अध्ययन झाले. बुद्धी तल्लख होती, परंतु याच वयात त्यांना प्रेमप्रकरणांचा नाद लागला. वडिलांच्या घरातील माणिक-रत्ने चोरून ती प्रियजनांना भेट देण्यापर्यंत मजल गेली. शृंगारप्रधान अशी हजार छंदांची ‘नवरस’ नावाची रचनाही त्यांनी केली. सुख म्हणजे इंद्रियांचे सुख, आणि ते आपण आपल्या मर्जीने घेऊ शकतो, ही त्यांची त्या वेळची समजूत होती.

या समजुतीला पहिला तडाखा खैराबादला सासरी बसला. सर्वांगावर फोड उठून शरीर इतके विद्रूप झाले की नातेवाईक आणि स्नेही जवळ येईनासे झाले. केवळ पत्नी आणि सासू या दोघींनी त्यांची शुश्रूषा केली. एका नाभिक वैद्याने औषध व पथ्य देऊन त्यांना बरे केले. ज्यांच्यासाठी चोरी केली त्यांपैकी कोणी उशाशी नव्हते. जिला गृहीत धरले होते ती पत्नी मात्र हाताने औषध लावीत होती. तरीही शरीर बरे होताच मन पुन्हा पूर्वीच्याच मार्गाला लागले, हे त्यांनी न लपविता लिहिले आहे.

मग सुखाचा दुसरा मार्ग सापडला. एका संन्याशाने त्यांना एक मंत्र दिला आणि वर्षभर गुप्तपणे जप केल्यास रोज सकाळी दारात एक सुवर्णमुद्रा सापडेल असे सांगितले. बनारसीदासांनी खरोखर वर्षभर जप केला. वर्ष संपल्यावर सकाळी दारात शोधले. काहीही नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले, तेव्हाही काही नव्हते. त्यानंतर एका योग्याने दिलेला शंख सदाशिव म्हणून ते गुपचूप पूजू लागले. आज हे वाचून हसू येते. परंतु अमुक अंगठी, अमुक खडा, अमुक दिशेचे दार यांनी सुख घरात येईल असे मानणारे आपल्यातही थोडे नाहीत. फरक इतकाच की बनारसीदासांनी आपली फसवणूक कबूल केली.

संवत १६६२ मध्ये (इ.स. १६०५) बादशहा अकबराच्या निधनाची वार्ता जौनपुरास पोहोचली. त्या वेळी जिन्यावर बसलेले बनारसीदास धक्क्याने खाली कोसळले आणि त्यांचे डोके फुटले. शहरात हाहाकार उडाला. दुकाने बंद झाली, लोकांनी दागिने पुरून ठेवले, श्रीमंतांनी जाडेभरडे कपडे अंगावर घातले. काही दिवसांनी जहांगीर गादीवर आल्याचे पत्र आले तेव्हा शहर सावरले. अंथरुणावर पडलेल्या बनारसीदासांच्या मनात विचार आला की आपण पडलो तेव्हा त्या शंखाने आपले रक्षण का केले नाही? त्या दिवसापासून ती पूजा सुटली.

पुढे एके दिवशी मित्रांसह गोमतीच्या पुलावर बसून ते आपली ‘नवरस’ पोथी वाचीत होते. वाचता वाचता त्यांना जाणवले की एक असत्य बोलणाराही दुर्गतीस जातो, आणि आपण तर हजार छंदांत असत्य रचले आहे. त्यांनी पोथी नदीत टाकली. पाने वाहून गेली. मित्र हळहळले, पण आता ती परत मिळणे शक्य नव्हते. वडिलांना मात्र परमानंद झाला. त्यानंतर बनारसीदास जिनमंदिरात नित्य दर्शनास जाऊ लागले, व्रत-नियम पाळू लागले.

नफा, तोटा आणि वीस रुपये

धर्माकडे वळल्यावर तरी व्यवहारात सुख मिळाले काय? तसे झाले नाही. संवत १६६७ मध्ये (इ.स. १६१०) वडिलांनी त्यांना रत्ने, तूप, तेल आणि जौनपुरी कापड देऊन व्यापारासाठी आग्ऱ्यास पाठविले. वाटेत मुसळधार पावसाने गाठले. आग्ऱ्यास पोहोचल्यावर एकामागून एक नुकसान होत गेले. इजारीच्या नाडीत बांधलेली रत्ने पडून हरवली, कापडात गुंडाळलेली काही उंदरांनी पळविली. मालाचे पैसे संपले. शेवटी एका कचोरीवाल्याकडून उधारीवर कचोऱ्या खाऊन ते दिवस काढू लागले. संध्याकाळी आपल्या खोलीत ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या प्रेमकथा वाचीत, आणि दहा-वीस माणसे ऐकायला जमत. जवळ पैसे नाहीत हे त्यांनी कचोरीवाल्याला स्वतःहून सांगितले. तो भला मनुष्य होता, त्याने उधारी चालू ठेवली. पुढे पैसे हाती आल्यावर बनारसीदासांनी ते ऋण फेडले.

या काळानंतर ते रिकाम्या हाताने खैराबादला सासरी गेले. पतीचा चेहरा पाहून पत्नीने सारे ओळखले. तिने आपल्याजवळ जपून ठेवलेले वीस रुपये त्यांच्या हाती ठेवले आणि धीर दिला. मनुष्य जिवंत असला की सारे पुन्हा मिळविता येते, असे तिचे सांगणे होते. इतकेच नव्हे, तर आपल्या आईला विश्वासात घेऊन तिच्याकडून दोनशे रुपये मिळवून दिले. पतीची लाज राहावी म्हणून हे सारे तिने गुप्तपणे केले. बनारसीदासांनी आयुष्यात रत्नांचे व्यवहार केले, परंतु त्यांच्या आत्मकथेत या वीस रुपयांइतके मोलाचे धन दुसरे दिसत नाही.

या साध्वी स्त्रीचाही सहवास फार काळ लाभला नाही. तिच्या निधनाची वार्ता आणि तिच्याच बहिणीशी ठरलेल्या सोयरिकीचा नारळ एकाच माणसाने एकाच वेळी आणला. शोक करावा की शुभकार्याची तयारी करावी, हे कळेना. लग्नाच्या दिवसाचीच ही पुनरावृत्ती होती. संवत १६७३ मध्ये (इ.स. १६१६) वडील निवर्तले. त्याच सुमारास आग्ऱ्यात गाठीच्या रोगाची, म्हणजे प्लेगची, साथ आली. दुसरी पत्नीही गेली आणि तिसरा विवाह झाला.

शब्दांचे समाधान

संवत १६८० मध्ये (इ.स. १६२३) आग्ऱ्यातील अरथमल ढोर या अध्यात्मप्रेमी गृहस्थांनी त्यांच्या हाती आचार्य कुंदकुंदांचा ‘समयसार’ आणि त्यावरील राजमल्लांची भाषाटीका दिली. आत्मा शुद्ध ज्ञानस्वरूप आहे, सुख-दुःख हे कर्माच्या उदयाचे खेळ आहेत, जाणणारा आत्मा त्यांहून भिन्न आहे, हा निश्चयनयाचा उपदेश वाचून त्यांच्या अंतःकरणाला मोठा धक्का बसला. ज्या सुखाच्या मागे ते पळत होते ते आपल्यातच आहे, असे त्यांना वाटले.

परंतु गुरूविना वाचलेल्या शास्त्राचा परिणाम विपरीत झाला. आत्मा शुद्धच असेल तर जप कशाला, तप कशाला, सामायिक-प्रतिक्रमण कशाला, असे म्हणून त्यांनी सर्व क्रिया सोडल्या. चंद्रभान, उदयकरण आणि थानमल या तीन मित्रांसह ते धर्मक्रियांची थट्टा करू लागले. एका खोलीत चौघेही वस्त्रे टाकून फिरत आणि आपण अपरिग्रही मुनी झालो असे म्हणत. लोक त्यांना ‘खोसरामती’ म्हणून हिणवीत. ना क्रियेचा रस उरला, ना आत्म्याचा अनुभव आला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने चरित्रातील हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. बनारसीदासांनी येथे सुखाची निवड केली होती. मी सुखदुःखाच्या पलीकडे आहे, असे त्यांनी ठरवून टाकले होते. परंतु ठरविणे वेगळे आणि परिणमणे वेगळे. भुकेल्याने मी जेवलो असे म्हटल्याने पोट भरत नाही. तोंडाने शुद्धात्मा म्हणणारे मन आत जसेच्या तसेच होते. अशी सुमारे बारा वर्षे गेली.

संवत १६९२ मध्ये (इ.स. १६३५) पांडे रूपचंद हे विद्वान आग्ऱ्यास आले. तिहुना साहूंनी बांधलेल्या मंदिरात त्यांचा मुक्काम होता. अध्यात्मप्रेमी मंडळींनी त्यांच्याकडून ‘गोम्मटसार’ ऐकण्यास प्रारंभ केला. जीवाची चौदा गुणस्थाने आहेत, प्रत्येक गुणस्थानास अनुरूप अशी क्रिया आहे, निश्चय आणि व्यवहार यांत विरोध नाही, हे पांडेजींनी समजावून दिले. शिखराचे दर्शन झाले म्हणजे आपण शिखरावर पोहोचलो असे होत नाही, पायऱ्या चढाव्याच लागतात. बनारसीदासांच्या मनातील गाठ सुटली. पुढच्याच वर्षी, संवत १६९३ मध्ये, त्यांनी ‘समयसार नाटक’ हा ग्रंथ पूर्ण केला. श्वेतांबर कुळात जन्मलेल्या या कवीने दिगंबर आचार्यांच्या ग्रंथावर रचलेले हे काव्य आजही स्वाध्याय-सभांतून वाचले जाते. पंथाच्या भिंती उभारणाऱ्यांनी हे विसरू नये.

शेवटची परीक्षा

येथे चरित्र संपले असते तर ते एक सुखान्त धर्मकथा झाले असते. परंतु संवत १६९६ मध्ये (इ.स. १६३९) बनारसीदासांचा एकुलता एक उरलेला पुत्र गेला. तीन पत्नींपासून त्यांना सात पुत्र आणि दोन कन्या अशी नऊ अपत्ये झाली होती. त्यांतील हे शेवटचे. घरात आता वृद्धत्वाकडे झुकलेले पती-पत्नी दोघेच उरले. पानगळीनंतर उभ्या असलेल्या झाडांसारखी त्यांची अवस्था झाली.

समयसाराचा भाष्यकार या प्रसंगी अविचल राहिला असेल, असे आपणास वाटते. बनारसीदासांनी तसे लिहिलेले नाही. आपण शोकाने व्याकूळ झालो, मोहाने आपल्याला दीर्घकाळ सोडले नाही, असे त्यांनी स्पष्ट नमूद केले. बारा वर्षांपूर्वीचे बनारसीदास कदाचित म्हणाले असते की आत्म्याला पुत्र नाही, मग शोक कसला. आताच्या बनारसीदासांना ठाऊक होते की सम्यग्दृष्टी गृहस्थालाही चारित्रमोहनीयाचा उदय असतो. शोक हा नऊ नोकषायांपैकी एक आहे, आणि केवळ इच्छेने तो नाहीसा होत नाही. त्याला जाणता येते, त्याला आपले स्वरूप न मानणे शक्य असते, आणि हळूहळू त्याचे बळ क्षीण करता येते.

याच शोकानंतर दोन वर्षांनी त्यांनी आत्मकथा लिहिली. नऊ अपत्यांच्या मृत्यूची नोंद केल्यावर त्यांनी तत्त्वदृष्टीचा विचारही तेथेच मांडला. परिग्रह जितका कमी होतो तितकी शांती वाढते, हे सत्य आहे. परंतु संसारी जीवाला ते तसे दिसत नाही, तो परिग्रहालाच वैभव मानतो आणि गमावले की रडतो. ही दोन्ही वाक्ये ज्याने आपल्या स्वतःच्या अंगणातील नऊ चितांकडे पाहून लिहिली, त्याचे शब्द पोकळ मानता येत नाहीत.

ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी आपल्या गुण-दोषांची यादी दिली आहे. आपण क्षमाशील आहोत, समाधानी आहोत, काव्यपठणात निपुण आहोत, असे ते सांगतात. त्याचबरोबर धनाचा लोभ सुटत नाही, जप-तपात मन रमत नाही, हसण्याचा नाद आहे, रंगात आले की खोट्या गोष्टी रंगवून सांगतो, एकांत मिळाला की नाचतो आणि कधी कधी अकारण भीती वाटते, हेही ते लिहितात. ही यादी वाचताना त्या पंचावन्न वर्षांच्या, निपुत्रिक, अनेकदा नुकसान सोसलेल्या गृहस्थाविषयी प्रेम वाटते. एवढे सारे घडूनही तो एकांतात नाचत होता! ते नाचणे त्यांनी दोषांत मोजले. आपण मात्र त्यात दुःखाने न मोडलेला एक मनुष्य पाहतो.

आत्मकथेनंतर ते फार वर्षे जगले नाहीत. अर्ध्या कथेचा उत्तरार्ध लिहिला गेलाच नाही. संवत १७०१ मध्ये (इ.स. १६४४) जगजीवन यांनी त्यांच्या फुटकळ रचना एकत्र करून ‘बनारसी विलास’ हा संग्रह सिद्ध केला.

बोध

मग सुख निवडता येते काय? बनारसीदासांच्या जीवनातून मिळणारे उत्तर असे दिसते. प्रसंग निवडता येत नाहीत. साता आणि असाता वेदनीय कर्मांचा उदय आपल्याला विचारून येत नाही. भोगाने सुख निवडू पाहणारा फसतो, मंत्राने विकत घेऊ पाहणारा फसतो आणि केवळ शब्दांनी मी सुखी आहे असे जाहीर करणाराही फसतो. तिन्ही मार्ग बनारसीदासांनी चालून पाहिले.

परंतु मनुष्याच्या हाती काहीच नाही, असेही नाही. पोथी नदीत टाकणे त्यांच्या हाती होते. कचोरीवाल्याला खरे सांगणे त्यांच्या हाती होते. बारा वर्षांची चूक कळल्यावर पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थी होऊन गुरूसमोर बसणे त्यांच्या हाती होते. आलेला शोक न लपविता, त्यालाच आत्मा न मानता, त्याच्याकडे पाहणे त्यांच्या हाती होते. यालाच आपले शास्त्र पुरुषार्थ म्हणते. सुख हे या पुरुषार्थाचे फळ आहे आणि ते आपल्या कालक्रमानेच पिकते. आपण पेरणी निवडू शकतो, पिकण्याची वेळ नव्हे.

ज्यांच्या घरी नुकतेच दुःख येऊन गेले आहे अशा बांधवांना आपण पुष्कळदा सांगतो की आता शोक आवरा, सुखी राहा. बनारसीदासांचे चरित्र वाचल्यावर असे सांगण्यापूर्वी थोडे थांबावेसे वाटते. शोक करणारा श्रावक अधर्मी नसतो. त्याला उपदेशापेक्षा त्या पत्नीच्या वीस रुपयांसारख्या न बोलता दिलेल्या आधाराची गरज अधिक असते. आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मंदिर आणि स्वाध्याय यांबरोबरच एकमेकांना असा आधार देण्याची वृत्ती आपल्या समाजात वाढत राहो, हीच श्री जिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!